पाल्क उपसागरात सागरी गवताची लावणी : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : जागेची पाहणी

तंजावर जिल्ह्याचा किनारा, तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्क उपसागराचा उत्तर भाग. होडीवरून जागा ओळखायला मनोरा ही पहिली खूण, जीपीएस दुसरी. सरफोजीराजे भोसल्यांनी १८१४-१५ मध्ये बांधलेला हा आठ मजली बुरूज बऱ्याच लांबून दिसतो. दोन्ही खुणा वहीत लिहायच्या, कारण फोन पाण्यात पडतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या स्वयंसेवकांनी आपलं पावसाळ्याचं गणित इथे विसरावं. इथला खवळलेला काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. ईशान्येकडून वारं येतं, कोळी त्याला वाडै म्हणतात. जून ते सप्टेंबरमध्ये मन्नारचं आखात खवळलेलं असतं, त्या मानाने पाल्कचं पाणी शांत. लावणीचा काळ म्हणून फेब्रुवारी-मार्च धरला आहे. वाडै ओसरते, पाणी निवळतं आणि गवताला पुढच्या वादळी हंगामाआधी सात-आठ महिने मिळतात.

दुसरा फरक भरती-ओहोटीचा. कोकणात उधाणाला दोन-अडीच मीटरचा फरक सहज पडतो, इथे मीटरभरही नाही. ओहोटीला जमीन उघडी पडेल आणि कोरड्यात काम करू, हे इथे होत नाही. सगळं काम कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या पाण्यात, पाण्यात पाहायचा मुखवटा आणि श्वास घ्यायची नळी लावून.

आज तीन जागा पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न: इथे आधी गवत होतं का, ते कशाने गेलं, आणि ते कारण आज थांबलं आहे का. पहिल्याचं उत्तर हाताला लागतं. तळात दहा सेंटीमीटर बोटं घातली की जुनं मेलेलं, तपकिरी, तंतूतंतू झालेलं आडवं खोड सापडतं. सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला खरी मुळं असतात, फुलं येतात, आणि हरळीसारखं जमिनीखालून खोड पसरवत ते पुढे सरकतं. गवत मेलं तरी हे खोड बराच काळ तळात राहतं.

पहिल्या जागी मेलेलं खोड भरपूर आहे, पण शेजारीच कोळंबीच्या तळ्यांचं पाणी समुद्रात उतरतं आणि पाणी गढूळ आहे. तिथे लावणी करायची नाही. दुसरी जागा होड्या नांगरायची आहे, तीही नको. तिसऱ्या जागी ट्रॉलरच्या, म्हणजे तळावरून जाळं ओढणाऱ्या यांत्रिक होडीच्या, ओढीचे जुने चर दिसतात, चरांच्या दोन्ही बाजूंना जिवंत गवत आहे, पाणी स्वच्छ आहे. हीच घेतली.

१९ जानेवारी : आधीची मोजणी

लावण्यापूर्वीची मोजणी केली नाही, तर नंतरच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. पद्धत जगभर वापरली जाते तीच: ५० मीटरच्या तीन दोऱ्या, एकमेकींपासून २५ मीटरवर, समांतर. प्रत्येक दोरीवर दर ५ मीटरला ५० सेंटीमीटर बाजूची चौकट ठेवायची. शून्यापासून पन्नासपर्यंत ११ चौकटी, तीन दोऱ्यांच्या मिळून ३३. प्रत्येक चौकटीत किती टक्के तळ गवताने झाकलेला, कोणत्या जाती, पानाची उंची, पानांवर चढलेलं शेवाळ, तळ रेतीचा की चिखलाचा. टक्केवारी दोघांनी वेगवेगळी सांगायची. दहापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा बघायचं.

जात पानाच्या टोकावरून ओळखायची. सिमोडोसिया सेर्‍युलाटाचं पट्टीसारखं पान टोकाला बारीक दातेरी असतं. त्याची भावंड जात रोटुंडाटा, तिचं टोक गोल आणि गुळगुळीत. हॅलोड्यूल युनिनर्व्हिसच्या टोकाला तीन बारीक दात असतात. सिरिंगोडियमचं पान चपटं नसतंच, शेवईसारखं गोल असतं आणि चटकन तुटतं. हॅलोफिला ओव्हॅलिसला देठ असलेली छोटी लंबगोल पानं येतात. टोक मासे खातात म्हणून एका पानावरून निर्णय करू नये, पाच पानं पाहावीत.

उजेडासाठी पांढरी-काळी तबकडी दोरीने सोडली. दीड ते दोन मीटर खोलीवर ती तळाला टेकेपर्यंत दिसत राहिली. पृष्ठभागावरच्या उजेडाचा दहावा हिस्सा तरी तळाशी पोहोचला पाहिजे, आणि मऊ चिखलाच्या तळावर त्याहून जास्त लागतो, कारण तिथे मुळांना प्राणवायू पुरवायला पानांना जादा काम पडतं. तळातला चिखल मुठीत घेऊन वासही पाहिला. वरच्या थरापासूनच काळा आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेला तुकडा वगळला.

२ फेब्रुवारी : गाव आणि परवानगी

सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडूने तंजावर आणि पुदुकोट्टई किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा पट्टा ड्युगाँग (सागरी गवत खाणारा सस्तन प्राणी) संरक्षण राखीव म्हणून जाहीर केला. त्यामुळे वनखात्याची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक काडीही उपटायची नाही. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेतही सागरी गवताची कुरणं सर्वांत संवेदनशील वर्गात येतात.

परवानगी कागदावर मिळते, पण गवत लावायच्या बांबूच्या चौकटी टिकतात त्या गावाच्या संमतीने. निळे खेकडे नेमके गवतातच सापडतात, म्हणून खेकड्याची जाळी तळाला टेकवून इथेच लावली जातात. बांबूच्या चौकटीत जाळं अडकलं तर नुकसान कोळ्याचं. मासेमार स्त्री-पुरुषांसमोर नकाशा जमिनीवर रेतीत काढला आणि जाळी कुठे पडतात ते त्यांच्याकडून दगड ठेवून दाखवून घेतलं. आमची आखणी त्यामुळे ४० मीटर पश्चिमेला सरकली. आमच्या नकाशावर ती वाट नव्हती. कुणाचंही जाळं अडकलेलं दिसलं तर ते कापायचं नाही, मालकाला बोलावून चौकट आपण सोडवायची, हे त्याच बैठकीत ठरलं.

ड्युगाँगला इथे आवुलिया म्हणतात. गवत गेलं की तो जातो, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

११ फेब्रुवारी : साहित्य

आखणी: १ मीटर बाजूच्या ३५ चौकटी. त्यातल्या ३० वर गवत, ५ रिकाम्या. शिवाय चौकटच नसलेले ५ चौरस नुसते खुणा करून सोडायचे. रिकाम्या चौकटी स्वयंसेवकांना वाया गेल्यासारख्या वाटतात, पण त्या हव्यातच. वर्षभराने गवत वाढलं तर ते लावल्यामुळे, की बांबूने रेती अडवली म्हणून, की शेजारचं गवत आपोआप पसरलं म्हणून, हे त्यांच्यावाचून कळणार नाही.

एका चौकटीला बांबूचे १.२ मीटरचे चार तुकडे. टोकं दहा-दहा सेंटीमीटर बाहेर ठेवून कोपऱ्यांवर आवळायचे. आत २०, ४०, ६० आणि ८० सेंटीमीटरवर सुंबाच्या चार दोऱ्या. गाठींसकट एका दोरीला दीड मीटर, म्हणजे ६ मीटर, आणि चार कोपऱ्यांना आणखी ६. एकूण १२ मीटर सुंब. प्रत्येक दोरीवर ५ काड्या (लावायचे गवताचे तुकडे), म्हणजे चौकटीला २०. त्यावरून हिशेब: चौकटींचा बांबू १६८ मीटर, सुंब ४२० मीटर, ६० सेंटीमीटरच्या १४० मेखा, आणि ६०० काड्या बांधायला प्रत्येकी २० सेंटीमीटर म्हणजे १२० मीटर ताग.

सुंब आणि ताग यांची अदलाबदल करू नये. ताग कोमट खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत कुजतो, आणि काडी बांधायला तेच हवं. तोवर मुळं धरतात आणि खोड जाड होताना दोरा त्याला कापत नाही. काथ्या अनेक महिने टिकतो, म्हणून चौकट सुंबाची. बाजारात सुंबाच्या रंगाची प्लॅस्टिक मिसळलेली दोरी मिळते. प्रत्येक गुंडीचं टोक काडीपेटीने जाळून पाहिलं. वितळून गोळी झाली की ती गुंडी परत.

बांबू तरंगतो. ऐकायला साधी गोष्ट, पण लावणी फसण्याची सुरुवात इथूनच होते. प्रत्येक पेराला एक भोक पाडलं, म्हणजे आत पाणी भरतं, आणि सगळे तुकडे खाडीत दगड ठेवून बुडवले. दहा दिवस तरी भिजले पाहिजेत.

२१ फेब्रुवारी : काड्या गोळा करणं

पहिली पसंती वाहून आलेल्या गवताला. वारं आणि जाळी यांनी उपटलेलं गवत किनाऱ्याजवळ तरंगत येतं. त्यातलं बरंचसं मेलेलं असतं, पण खोड पांढरं किंवा फिकट गुलाबी, कडक, आणि वाढीचं टोक शाबूत असेल तर ते जगतं. दाबल्यावर पिचकलं किंवा तपकिरी पाणी निघालं तर टाकून द्यायचं.

उरलेली काडी दाट कुरणातून, त्याला आम्ही दाता कुरण म्हणतो. नियम कडक ठेवला: अर्ध्या मीटरच्या चौकोनात एकच काडी, कुरणाच्या कडेवरून अजिबात नाही. कड हाच पसरणारा भाग असतो. बोटं खोडाखाली घालून मुळांसकट उचलायचं, पानाला धरून ओढायचं नाही, आणि खळगा हाताने बुजवायचा. एका काडीत वाढीचं टोक, तीन-चार पेरं, दोन-तीन पालवीचे झुपके आणि मुळं. टोक नसलेली काडी हिरवी राहते पण पुढे सरकत नाही.

मुख्य जात सिमोडोसिया सेर्‍युलाटा, सोबत थोडं हॅलोड्यूल. निवड वाढीच्या वेगावरून केली. सिमोडोसियाचं खोड वर्षात साधारण दीड मीटर सरकतं, हॅलोड्यूलचं एक मीटर. एनहॅलस हे सगळ्यांत उंच आणि देखणं गवत, पण त्याचं खोड वर्षाला जेमतेम ३ सेंटीमीटर वाढतं. ते उपटणं म्हणजे जुनं झाड तोडणं. त्याला हात लावलेला नाही.

घमेल्यात समुद्राचं पाणी, वर ओलं गोणपाट, अर्ध्या तासाने पाणी बदल. एका घमेल्यातली काडी चिखल निघावा म्हणून बोअरच्या पाण्याने धुतली गेली. तेवढ्याने ती लिबलिबीत झाली, सगळी टाकावी लागली. आता प्रत्येक घमेल्यावर रंगाने लिहिलं आहे: गोडं पाणी नाही.

२२ फेब्रुवारी : लावणी

भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस मुद्दाम निवडले. उधाणाला प्रवाह वाढतो आणि पाणी ढवळतं. सकाळी सहा ते दहा काम, त्यानंतर वारं उठतं.

दहा जणांची तुकडी. दोघं काड्या निवडतात, चौघं बांधतात, तिघं पाण्यात, एक जण फक्त लिहितो. पाण्यात उतरणाऱ्यांना रबरी तळाचे बूट सक्तीचे. तळात उभे रुतलेले शिंपले वस्तऱ्यासारखे कापतात. पाऊल उचलून टाकायचं नाही, तळावरून सरकवत न्यायचं, म्हणजे रेतीत बसलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला मासा) आधीच निघून जातो. काटा लागलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात धरायची आणि दवाखाना गाठायचा. गरम पाण्याचा थर्मास होडीत ठेवलेला आहे.

बांधण्यात सर्वांत जास्त चुका झाल्या. गाठ आडव्या खोडावर, दोन झुपक्यांच्या मधल्या पेरावर यायला हवी. नवख्या माणसाचा हात आपोआप पानांच्या बुडाशी जातो, कारण तिथे पकड चांगली मिळते. पण या गवताचं पान टोकाकडून नव्हे, बुडाकडून वाढतं. तिथे दोरा आवळला की वाढच बंद. आणि सुरगाठ नको, लाटेने ती आवळत जाऊन खोड कापते. दोन वेढे आणि वर सैल निरगाठ, आत काडीपेटीची काडी सरकेल एवढी ढील.

चौकट तळावर ठेवली की काम संपत नाही. दोरी तळाला लागून बसली पाहिजे आणि खोडावर दोन-तीन सेंटीमीटर रेती यायला हवी. प्रत्येक काडीखाली बोटाने चर काढून खोड आत दाबलं. चार मेखा चार कोपऱ्यांना, एकमेकींच्या उलट दिशेला तिरप्या. सरळ ठोकलेली मेख लाटेच्या हेलकाव्याने महिनाभरात सैल होते.

गवताच्या तीस चौकटी पाचाच्या सहा रांगांत, मध्ये एक-एक मीटर मोकळं. एकूण ११ बाय ९ मीटर, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. चार कोपऱ्यांना सुरूच्या काठ्या. प्लॅस्टिकचे तरंगते डबे लावले नाहीत, ते तुटून जाळ्यात अडकतात.

२४ फेब्रुवारी

तीन चौकटी एका कोपऱ्यावर उचललेल्या, त्यातली एक उलटी. तिन्हींचे बांबू शेवटी आलेल्या खेपेतले, एकच रात्र भिजलेले. परत बसवल्या, मधोमध एक-एक जादा मेख. पाण्यात भिजत घातल्याची तारीख यापुढे प्रत्येक तुकड्यावर सुऱ्याने कोरायची.

८ मार्च : दोन आठवडे

पानं पिवळी पडून गळालेली पाहून स्वयंसेवक खट्टू झाले. लावणीनंतर जुनी पानं गळणं ठरलेलंच आहे. गवत मुळं धरताना ती सोडून देतं. पाहायचं ते खोड. दोन बोटांनी अगदी हलकं ओढायचं. अडकल्यासारखं लागलं तर नवं मूळ आलं आहे. प्रत्येक चौकटीत दोनच काड्या ओढून पाहायच्या, सगळ्या नाही. उत्साहाच्या भरात तपासताना उपटलेल्या काड्या आजच्या नुकसानीत वेगळ्या लिहिल्या आहेत.

किनाऱ्याकडच्या रांगेत रेती साचून चार काड्या पुरल्या गेल्या. बांबूच जास्त जाड होता, त्याने रेती अडवली. पुढच्या वेळी मनगटाएवढा नको, अंगठ्याहून थोडा जाड पुरे.

३० मार्च

पाणी तापलं आणि वारं पडलं, तसं केसासारखं बारीक शेवाळ दोऱ्यांवर चढलं. ते उजेड अडवतं. हाताने विंचरून काढलं, वरून खाली, पानाच्या दिशेने. पानांवर छोटे शंख दिसले तर काढायचे नाहीत, हे शेवाळ तेच खातात. शेजारच्या जुन्या कुरणात शंख जास्त आणि शेवाळ कमी आहे. बांबूवर बार्नेकल (चिकटून बसणारे धारदार कवचाचे जीव) बसू लागलेत. पाण्यात हातमोजे घालावेत.

१५ एप्रिल

आजपासून १४ जूनपर्यंत ६१ दिवस पूर्व किनाऱ्यावर ट्रॉलरना बंदी. माशांच्या विणीसाठी असलेली ही बंदी या लावणीलाही सर्वांत मोठा आधार आहे. दर पंधरा दिवसांनी मेखा तपासणं, शेवाळ काढणं, बाकी काही नाही. जादा हाताळणी नको.

१९ जून

बंदी संपून पाच दिवस झाले. बाहेरच्या रांगेतल्या चार चौकटी जागेवर नाहीत, एक मोडून पंधरा मीटरवर. तळावर दोन समांतर ओरखडे सरळ रेषेत गेलेले. ट्रॉलर जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला ज्या फळ्या ओढतो, त्यांचे हे ओरखडे. इथल्या जुन्या वाटणीप्रमाणे आठवड्यातले तीन दिवस ट्रॉलरचे आणि चार लहान होड्यांचे, आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात ट्रॉलर चालवायला १९८३ च्या राज्य कायद्याने मनाई आहे. तरी रात्री आत येणं होतं.

जीपीएस नोंद आणि पाण्याखालचे फोटो गावच्या समितीमार्फत खात्याला दिले. मोडलेल्या चौकटी लगेच पुन्हा लावायच्या नाहीत असं ठरलं. जगभरच्या १७८६ लावणी-प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये निघाला, त्यात एकंदर जगण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, आणि गवत ज्या कारणाने गेलं ते दूर झालेलं असणं हा यशाचा मोठा भाग दिसला. ओरखडे पडत असताना त्याच रेषेत पुन्हा काडी लावणं म्हणजे दात्या कुरणातून चांगलं गवत काढून वाया घालवणं. दाता आधीच थकलेला आहे. त्याऐवजी बाहेरच्या बाजूला सुरूच्या काठ्यांची आणखी एक रांग आणि रात्रीच्या होड्यांना दिसतील अशा चकाकत्या पट्ट्या. हे गावातल्या तरुणांनी सुचवलं, काठ्याही त्यांनीच ठोकल्या.

२३ ऑगस्ट : सहा महिने

मधल्या रांगांत दोरी शोधावी लागते, पानांनी झाकली आहे. ताग कुठेच उरलेला नाही. आठ चौकटींत सिमोडोसियाचं खोड बांबू ओलांडून मोकळ्या मीटरमध्ये शिरलं आहे. हॅलोड्यूल कमी जगलं पण जिथे जगलं तिथे दाट. रिकाम्या पाच चौकटींपैकी दोनांत हॅलोफिला स्वतःहून उगवलेलं. ते आमच्या यशात मोजायचं नाही.

मोजताना दोन रकाने वेगळे ठेवले: लावलेल्यांपैकी किती काड्या जिवंत, आणि चौरस मीटरमध्ये एकूण झुपके किती. काड्या निम्म्या मेल्या तरी झुपके दुप्पट असू शकतात. एकाच रकान्यात दोन्ही मिसळले की अहवाल सुंदर दिसतो आणि खोटा होतो.

दाता कुरणाजवळ हॅलोड्यूलमध्ये वेडेवाकडे उथळ चर सापडले, वीतभर रुंद, काही मीटर लांब. एकाने नांगराचं नुकसान म्हणून नोंदवलं होतं, ते दुरुस्त केलं. नांगराचा चर खोल आणि एका टोकाला खड्डा असलेला असतो. हा आवुलियाच्या चरण्याचा माग. तो खोडासकट उपटून खातो, दिवसाला तीस-चाळीस किलो. असे चर बुजवायचे नाहीत, गवत ते स्वतः भरून काढतं.

४ ऑक्टोबर

वाडै सुरू होण्याआधीची शेवटची फेरी. सैल बांबू आणि सुटलेली दोरी काढून किनाऱ्यावर आणली. जिथे गवताने तळ धरला आहे तिथली चौकट आता ओझंच आहे, लाटेत हलली तर आजूबाजूचं उपटेल. गाजा चक्रीवादळ १६ नोव्हेंबर २०१८ ला याच किनाऱ्यावर आलं होतं, म्हणून तो महिना पाण्यात काहीही सैल ठेवायचं नाही. मेखा मात्र तशाच, त्या जागा दाखवतात.

१२ जानेवारी

पाणी अजून गढूळ, तबकडी सव्वा मीटरवर दिसेनाशी होते. मोजणी पुढे ढकलली. हाताने चाचपून पाहिलं: मधला भाग जागेवर आहे, किनाऱ्याकडची रांग रेतीखाली. बाहेरच्या काठ्यांपैकी दोन पडल्या.

पुढची खेप: नव्या चौकटी फक्त जगलेल्या तुकड्याला लागून, बाहेरच्या बाजूला एकही नाही. बांबू अंगठ्याएवढे, १ फेब्रुवारीला भिजत घालायचे. तागाच्या गुंड्या उरलेल्या आहेत, सुंब १५० मीटर कमी पडेल.